राजमातेच्या स्टुलावरचा डाग

मला जवळजवळ सगळ्याचीच किळस येते, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला वाईट वाटायला नको. मी एक जुनं स्टूल आहे. बेतिनासो गावच्या राजमातेचं, नाना बिरागोंचं. जे मुळात कुणीतरी वर बसावं म्हणूनच जन्माला आलं, त्याने किळस करून कसं चालेल, असं तुम्ही म्हणाल. पण जरा विचार करा. तुम्ही माणसं एकमेकांचे चेहरे बघता. मी काय बघते?

असो.

तुमच्या घरातलं स्टूल म्हणे उंच असतं, डुगडुगतं. पंख्यावरची धूळ पुसायला त्यावर चढतात. मी तशी नाही. मी एका ओंडक्यातून कोरलेली आहे. कुठे खिळा नाही की सांधा नाही. खाली सपाट तळ, मध्ये जाळीदार खांब आणि वर उताण्या चंद्रकोरीसारखी बैठक. उंची एवढीच, की बसणाऱ्याचे गुडघे पोटाशी यावेत. आणि रंग पांढरा. ताज्या खोबऱ्यासारखा पांढरा. ह्या पांढऱ्या रंगानेच माझा घात केला, कारण पांढऱ्यावर सगळं दिसतं.

माझ्या सुताराने झाड तोडण्याआधी झाडाची माफी मागितली, आणि माफी म्हणून बुंध्यावर एक कच्चं अंडं फोडलं. म्हणजे स्टूल होण्याआधीच मी बलकाने बरबटले होते. पहिला घाव बसला तसा माझ्यातून पांढरा चीक गळाला. मग सुतार दात घासायची काडी चघळत, इकडेतिकडे थुंकत मला तासत बसला. शेवटी त्याने खरखरीत पानांनी मला घासून गुळगुळीत केलं आणि आपल्याच कामावर खूश होऊन घामेजल्या पंजाने दोन थापा मारल्या. ईऽऽ.

बिरागो तेव्हा राजमाता नव्हती. कोवळी नवरी होती. आमच्याकडे नवरा बायकोला पहिली भेट देतो ती स्टुलाची. बायकोने घरात पाय रोवून बसावं, म्हणून. तिने मला उचललं, नाकाशी नेलं आणि म्हणाली, "अजून चिकाचा वास येतोय ह्याला."

नवरा म्हणाला, "तुझ्या तरी हाताला कुठे अजून रश्श्याचा वास येतोय? दोघी हळूहळू शिकाल."

शिकलो. मी तर नको ते सगळं शिकले. पावसानंतर ती मुठीएवढाल्या गोगलगायी आणायची आणि माझ्यावर बसून लिंबाने त्यांचा बुळबुळीतपणा काढायची. तो तारा तारा होऊन माझ्या तळावर सांडायचा. पामच्या लाल तेलाने माखलेल्या हातांनीच ती मला पुढे ओढायची. धुरावलेल्या माशांचे काटे मोडून माझ्या पायाशी टाकायची. आणि पोरं! पाय लांब करून, पायांवर बाळ पालथं घालून ती अंघोळ घालायची, आणि बाळांना जे काही करायचं असतं ते नेमकं तेव्हाच करायचं असतं. चार लेकरं झाली तिला. हिशेब तुम्हीच करा.

पण एक सांगते. उठताना तिने मला कधी उभं सोडलं नाही. दर वेळी अलगद कुशीवर निजवायची. रिकाम्या स्टुलावर भटकतं काहीबाही येऊन बसतं, आणि मग मालकीण बसायला आली की तिच्या अंगाला झोंबतं, असं आमच्याकडे मानतात. चूल पेटलेली असो की पोर रडत असो, आधी मला आडवं करणार, मग धावणार. आणि दर सणाआधी मला आन्सा नदीवर न्यायची. ओल्या वाळूने घासायची, कापलेलं लिंबू चोळायची आणि वाहत्या पाण्यात धरून ठेवायची. तेवढ्या वेळापुरती मला कशाचीच किळस यायची नाही. आन्साचं पाणी थंड होतं, आणि त्याला वास नव्हता. वास नसणं म्हणजे काय सुख असतं, ते ज्याला सगळ्याचाच वास येतो त्यालाच विचारा. घाटावरच्या बायका म्हणायच्या, "बिरागो, तुझं स्टूल बघून आम्हाला आमच्या ताटांची लाज वाटते गं."

पुढे जुनी राजमाता वारली आणि राजघराण्याने आपल्यातल्या बिरागोला निवडलं. आमच्याकडे राजमाता ही राजाची आईच असते असं नाही. आमच्याकडे आजीला नाना म्हणतात, आजोबांना नाना म्हणतात आणि गादीवरच्या माणसालाही नानाच म्हणतात. तशी ती नाना बिरागो झाली. आणि मी? मी एकाएकी फार मोठी वस्तू झाले. आता ह्यातली गंमत ऐका, कारण इथेच मला त्या इंग्रजी शब्दाची शिसारी आली.

माझं आमच्या भाषेतलं नाव वेगळं आहे. गोरे साहेब आले, त्यांनी मला पाहिलं आणि त्यांच्या देशात गाईचं दूध काढताना बुडाखाली जे घेतात त्याचं नाव मला चिकटवलं. स्टूल. बरं, चिकटवलं ते चिकटवलं. मग कचेरीत तोच शब्द, कोर्टात तोच शब्द. राजा झाला की 'स्टुलावर बसवला'. राजा नको झाला की 'स्टुलावरून उतरवला'. गावाची सामाईक जमीन, नदीकाठ, जंगल, सगळी 'स्टुलाची जमीन'. म्हणजे कागदोपत्री अख्खा डोंगर माझा. आणि लॉरीच्या अड्ड्यावर दारूच्या दुकानात एका पायावर उभे असलेले, रेक्झिन फाटून आतला स्पंज बाहेर आलेले, बियरने चिकट झालेले ते उंच प्रकार? तेही स्टूलच! ज्यांना कुणी कधी कुशीवर निजवलं नाही, ज्यांच्यावर आज हा बसतो, उद्या तो, त्यांचं आणि माझं नाव एक.

तेही मी सोसलं असतं. पण एक दिवस पोकुआ दवाखान्यातून आली.

पोकुआ म्हणजे नाना बिरागोंची नात. पहिलटकरीण. तिची दुफी सात महिन्यांची होती. गालांवर खळ्या, आणि मांड्यांना वळ्या पडाव्यात अशी गुबगुबीत. त्या पावसाळ्यानंतर मात्र दुफीच्या मांड्यांवर लाल चट्टे उठले, चट्ट्यांचे फोड झाले आणि पोट सारखं बिघडायला लागलं. पोकुआ बाळाला पाठीला बांधून दवाखान्यात गेली आणि येताना झाकणाची एक बारकी प्लॅस्टिकची बाटली घेऊन आली. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजीत एक शब्द. दमली होती बिचारी. हातातलं सगळं तिने जवळ दिसलं त्यावर ठेवलं. म्हणजे कुशीवर निजलेल्या माझ्यावर.

"अगं, काढ ते तिथून!" नाना बिरागो ओरडल्या.

"आजी, नुसती बाटली तर आहे. रिकामीच आहे आत्ता."

"आत्ता!"

"उद्या सकाळी भरायची आहे. नर्सबाईंनी सांगितलंय, स्टूल आणून द्या, तपासायचंय."

नाना बिरागो तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना समजलं आणि त्यांनी पदराने तोंड दाबलं. पण खांदे हलताना मला दिसले. मला हसू आलं नाही. मित्रांनो, ज्या नावापुढे जाणते लोक चपला काढतात, तेच नाव त्या बाटलीवर! मला जर पोट असतं तर मी तिथेच ओकले असते.

हसणं दुसऱ्या दिवशी थांबलं. तपासणी झाली आणि नर्सबाईंनी पोकुआला नीट बजावून सांगितलं. बाळाला नदीचं पाणी लावायचं नाही. प्यायला नाही, अंघोळीला नाही, लंगोट धुवायलाही नाही.

कारण आन्सा आता आन्सा राहिली नव्हती. वळणापलीकडे, स्टुलाच्या जमिनीवर, म्हणजे माझ्या जमिनीवर, पिवळी मशिनं आली होती. ती काठ उकरायची, माती नदीत धुवायची, सोनं शोधायची. मातीत काहीतरी औषध कालवायची, तेही वाहून यायचं. पाण्याचा रंग दूध नासलेल्या चहासारखा झाला होता. वर तेलकट साय. काठाला पोट वर करून पडलेले मासे. वाऱ्याने वास घरापर्यंत यायचा, आणि मी, कुशीवर निजलेली, भिंतीकडे तोंड करायला धडपडायचे.

पोकुआ तेव्हापासून बाळाला पिशवीच्या पाण्याने न्हाऊ घालायला लागली. ते विकतचं पाणी तुम्ही पाहिलं असेल, चौकोनी, उशीसारखं. ती दाताने पिशवीचा कोपरा फाडायची, आधी तळहातावर घेऊन ऊन आहे की गार ते बघायची आणि पिशवी दाबून बारीक धार बाळाच्या वळीवळीतून सोडायची. एक थेंब वाया जाऊ द्यायची नाही. मग शियाच्या बियांचं लोणी बोटावर घेऊन फोडांभोवती गोल गोल फिरवायची, फोडाला न लागेल असं. बाळ रडायचं. तीही रडायची, पण आवाज न करता, कारण आईने आवाज केला की बाळ जास्त रडतं. लोणी माझ्यावर सांडायचं, चिकट व्हायचं. मला किळस आली, असं म्हणायला हवं खरं तर.

नाना बिरागो हे सगळं बघत होत्या. त्यांनी आम्पेमला बोलावणं धाडलं.

आम्पेम म्हणजे गावचा राजा, त्यांच्या बहिणीचा मुलगा. राजा म्हणून त्याचं नाव त्यांनीच सुचवलं होतं. तो मान राजमातेचाच असतो. आणि राजाला चारचौघांत रागवायचा हक्कही तिच्या एकटीचाच. तो आला, हातात बिस्किटांचा पुडा.

"मावशी, तब्येत कशी?"

"तब्येतीचं राहू दे. पाय पूस आधी. तुझ्या चपलांना नदी लागलीय."

त्याने चपला दाराबाहेर काढल्या. "मशीनवाल्यांनी गावाला विजेचे खांब द्यायचं कबूल केलंय, मावशी."

"खांब प्यायचे का आम्ही?"

"पोरांच्या हाताला काम मिळालंय."

"हो ना. पोरांच्या हाताला काम, अन् पोरांच्या ढुंगणाला फोड. ये, बघायचेत? पोकुआ, आण गं दुफीला."

"राहू दे, राहू दे." तो बाळाकडे बघायला तयार नव्हता. "अख्ख्या मुलुखात हेच चाललंय, मावशी. मी एकटा काय करणार?"

"अख्ख्या मुलुखानं विष खायला घेतलं तर तू वाटी घेऊन रांगेत उभा राहणार का?"

त्याने बिस्किटांचा पुडा खाली ठेवला. मग खाली बघत, हळूच म्हणाला, "गावची जाणती मंडळी चिडलीत तुझ्यावर. ओद्विराच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी बैठक आहे. तू अशीच बोलत राहिलीस तर तुला स्टुलावरून उतरवतील."

"उतरवतील काय म्हणतोस? उतरवशील म्हण. तोंड तुझं अन् दात दुसऱ्याचे होय रे?"

तो गेला. बिस्किटांचा पुडा विसरला. नाना बिरागोंनी तो उघडला नाही.

उतरवणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नसेल. चारचौघांत बसलेल्या बाईच्या खालून स्टूल ओढून घेतात. ती जमिनीवर आपटते. पायातल्या चपला काढून घेतात. बस्स, त्या क्षणापासून ती कुणी नाही. पुढे कधी पूर्वजांना मद्य वाहताना तिचं नाव घेत नाहीत. आणि जी मानाने, गादीवर असताना जाते, तिच्या स्टुलाला काजळी आणि अंड्याचा बलक चोळून काळं करतात आणि पूर्वजांच्या खोलीत ठेवतात. नुसत्या विचाराने माझ्या अंगावर शहारे येतात. काजळी, आणि पुन्हा ते अंडं! पण त्या खोलीत तिचं नाव माझ्यामुळे राहणार होतं. ते हुकलं असतं तर मला कुणीतरी चुलीत घातलं असतं, आणि बिरागो नावाची कुणी होती, हे दुफीच्या मुलांना कळलंसुद्धा नसतं.

ओद्विरा हा आमचा शुद्धीचा सण. त्या सकाळी सगळं गाव पांढरं नेसतं. राजाचं आणि राजमातेचं स्टूल नदीवर नेऊन धुतात आणि मग चौकात मांडतात. धुतल्याशिवाय त्या दिवशी राजाने स्टुलावर टेकायचं नाही, आणि टेकल्याशिवाय चौकातून हलायचं नाही, हा आमच्या गावचा नेम. नदी नासल्यापासून स्टूल वाहणारे लोक एक लबाडी करत होते. स्टूल मानेवर घेऊन ढोल वाजवत निघायचे, बांबूंच्या बेटामागे वळायचे आणि तिथे पिशव्या फाडून धुऊन परत यायचे. सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे ढोलाच्या तालावर मान डोलवत होते. मला स्वतःला ती लबाडी पसंत होती. पिशवीच्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो, पण निदान ते अंगाला लागल्यावर हात धुवावासा वाटत नाही.

त्या सकाळी नाना बिरागोंनी पोकुआला हाक मारली. "उचल हिला. नदीवर जायचंय."

"आजी, पिशव्या आणल्यात मी. इथंच अंगणात धुते."

"नदीवर म्हटलं ना?"

"अगं, पांढरं आहे ते. पार खराब होईल."

"म्हणूनच."

दुफीला पाठीला बांधून, मला डोक्यावर घेऊन पोकुआ घाटावर गेली. घाटावर चिटपाखरू नव्हतं. आता तिथे कोण जाणार? ती गुडघाभर पाण्यात उतरली, पाठीवरचं फडकं वर ओढून घेतलं आणि मग मला म्हणाली, "माफ कर गं." आणि मला बुडवलं.

मित्रांनो, मी आजवर गोगलगायींचा चिकटा सोसला, पोरांचं सगळं सोसलं. ते सगळं कुणीतरी जगतंय म्हणून सांडत होतं. हे तसं नव्हतं. हे मेलेलं पाणी होतं. कोमट, जड, बोटांना दाण्यांसारखं लागणारं. ते माझ्या जाळीतून आत शिरलं, जिथे जिथे रंध्र होतं तिथे तिथे घुसलं आणि बाहेर येईना. नाकपुड्या नसलेल्या मला त्या वासाने गुदमरायला झालं. वाळूने घासावं म्हणून पोकुआने तळाशी हात घातला तर हाताला वाळू आलीच नाही. राखाडी लेप आला. तिने पटकन हात झटकला आणि झाडाच्या पानांना पुसला. मी जेव्हा वर आले तेव्हा मी पांढरी नव्हते.

चौकात गाव जमलं होतं. मोठ्या छत्रीखाली आम्पेम उभा, अंगावर जड पांढरं वस्त्र, गळ्यात आणि दंडात सोन्याचे दागिने. त्याच्या बाजूला बोसियाको, राजाच्या वतीने बोलणारा. चारचौघांत राजा स्वतः बोलत नाही. तो कुजबुजतो आणि बोसियाको हातातली सोनेरी मुठीची काठी उंचावून बोलतो. मागे मंडळी. पोकुआने मला राजमातेच्या जागी ठेवलं. माझ्या बैठकीच्या खोलगट भागात ते पाणी अजून साचलेलं होतं.

नाना बिरागो आल्या. पांढरंशुभ्र लुगडं, पांढरे मणी, कपाळाला पांढरी माती. त्यांनी साचलेलं पाणी पाहिलं. आणि त्यात बसल्या.

मी किंचाळले असते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तिची किळस आली नाही, माझीच आली.

मद्य वाहून झालं. ढोल थांबले. राजाने बसायची वेळ झाली, आणि नाना बिरागो उठल्या. सवयीने मला कुशीवर निजवलं. मग त्या राजाकडे, मंडळींकडे आणि सगळ्या गावाकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

एका दमात सगळ्यांनी श्वास आत घेतला. पांढऱ्या लुगड्यावर मागे हा एवढा मोठा, ओला, पिवळट तपकिरी डाग. दिवसभर कुणी लंगोट बदलला नाही अशा लहान मुलाचा असावा, तसा.

बोसियाको काठी घेऊन पुढे सरसावला.

"तू मध्ये बोलू नकोस, बोसियाको," पाठ न वळवता त्या म्हणाल्या. "हे मावशी-भाच्याचं आहे. आम्पेम, बघ. नीट बघ. म्हातारीचं बूड बघायला लाज वाटते ना? वाटू दे. मी दुसरं काही केलं नाही. नदीत धुतलेल्या स्टुलावर बसले, एवढंच. हेच पाणी माझी पणती अंगावर घेत होती. आता सांग, तुझं स्टूल कुठे धुतलं?"

आम्पेमने बोसियाकोकडे पाहिलं. बोसियाकोने खाली पाहिलं. स्टूल वाहणारे दोघे एकमेकांच्या मागे लपायला लागले.

गर्दीतून मासे विकणाऱ्या आफ्राकोमाचा आवाज आला, "बोला की रे! बांबूंमागे फाटक्या पिशव्यांचा ढीग मी सकाळीच पाहिलाय!"

"राजाचं स्टूल बाटलीचं दूध पितं वाटतं!" दुसरी कुणीतरी म्हणाली, आणि बायकांमध्ये हशा फुटला.

"हसू नका," नाना बिरागो म्हणाल्या, आणि हशा थांबला. "स्टूल अजून धुतलेलं नाही. धुवा. नदी जवळच आहे. धुवा आणि आणा, मग राजा बसेल."

आता आम्पेमची गत बघा. स्टूल नदीत बुडवलं तर त्या पाण्यात सगळ्या गावासमोर बसायचं आणि उठताना तोच डाग घेऊन उठायचं. न बुडवावं तर बसायचंच नाही. मंडळींमध्ये कुजबुज सुरू झाली.

"बसू द्या हो, उगाच कशाला."

"न धुता? तुम्ही बसवा. माझं नाव त्यात नको."

म्हणून तो उभा राहिला. ऊन चढलं. छत्रीवाल्याने खांदा बदलला. सोनं तापलं. दंडावरच्या कड्यांखाली घाम साचून ओघळायला लागला. तो कलायला लागला तशी दोघांनी त्याला काखेत हात घालून धरलं, कारण राजाचं बूड एकदा का जमिनीला टेकलं की तो राजा राहत नाही, मग दुसऱ्या कुणी त्याला उतरवायची गरज नसते. नाना बिरागो मात्र परत माझ्यावर बसल्या. त्याच ओल्यात. मी माझ्या परीने ताठ राहिले. दुसरं काय करणार होते?

शेवटी तो म्हणाला, बोसियाकोला न सांगता, स्वतःच्या तोंडाने, "मावशी, पुरे आता."

"मशिनं?"

"बोलतो त्यांच्याशी."

"बोल. मी बसलेय."

पोकुआ पुढेच उभी होती. पाठीवर दुफी कुरकुरत होती, आणि फडक्यातून तिची एक मांडी बाहेर आली होती. ह्या वेळी आम्पेमने नजर चोरली नाही. त्याला ते फोड दिसले.

"मशिनं जातील," तो म्हणाला.

"मला नको सांगूस. बोसियाकोला सांग. त्याच्या तोंडून येऊ दे."

आम्पेमने डोळे मिटले आणि बोसियाकोच्या कानाशी वाकला. बोसियाकोने काठी उंच धरली आणि चौकाच्या पार दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात ते सांगितलं. काठी उंचावून आलेला शब्द मागे घेता येत नाही. घेतला तर घेणारा खाली येतो.

मग नाना बिरागोंनी बायकांना इशारा केला. डोक्यावर घमेली घेऊन बायका निघाल्या, वळणाच्या वर, आन्सा जिथून निघते त्या खडकांतल्या झऱ्याकडे, जिथे मशिनं अजून पोचली नव्हती. लांबची वाट. त्या परत येईपर्यंत राजा उभाच होता. त्यांनी आणलेल्या पाण्याने त्याचं स्टूल सगळ्यांसमोर धुतलं, तेव्हा कुठे तो बसला. बसताना त्याच्या तोंडून असा आवाज निघाला की दुफीसुद्धा रडायची थांबली.

दुसऱ्या दिवशीची ती बैठक भरली. मंडळी आली, घसा खाकरला आणि ह्या वर्षीच्या कोनफळांच्या पिकावर बोलून उठून गेली. उतरवायची गोष्ट कुणी काढली नाही.

मशिनं मोठ्या गाड्यांवर चढून गेली. एक मोडकं होतं म्हणून मागे राहिलंय, त्याच्यावर बगळे बसतात आणि करायचं ते करतात. आन्सा अजून स्वच्छ झालेली नाही. माणूस एका दुपारी कबूल करतो, नदीला वेळ लागतो. खड्डे तसेच आहेत, आणि पाऊस पडला की पुन्हा तोच रंग खाली येतो, थोडा फिकट. पण दुफीच्या मांड्या पुन्हा गुबगुबीत झाल्यात. ती आता माझ्या कडेला धरून उभी राहते, कोनफळाचा लगदा माझ्या जाळीत कोंबते आणि त्यावर लाळ गाळते. ओंगळ पोर आहे. कुणी तिला उचलून न्यायला आलं की मला मात्र राग येतो.

माझा पांढरा रंग परत आला नाही. पोकुआने किती लिंबं घासली! एके दिवशी नाना बिरागोंनी तिचा हात धरला. "राहू दे तो डाग. मी त्याच्यावरच बसणार आहे. कुणी विचारलं तर सांगता येईल."

तेव्हा मित्रांनो, मला पुसा, घासा, चकाकी आणा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला जे लागायचं ते लागून गेलं. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावाजवळूनही एखादी नदी जात असेल. तिचं नाव घेताना तुम्ही हात जोडत असाल. एकदा घरातला एक पांढरा कपडा घ्या, अगदी नवा घ्या, तिच्या पाण्यात बुडवा आणि तो तसाच ओला बाळाला नेसवा. हात पुढे होत नसेल तर घरी परत जाऊ नका. तिथेच उभे राहा, आणि ज्याने ती तशी केली त्यालाही बसू देऊ नका.